डावा दांडा, उजवा दांडा

करीमभाई गुरुवारी सकाळी वारले. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. मी माती दिली आणि घरी आलो.

काही आठवड्यांनी त्यांचा मोठा मुलगा सलीम माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता. हातभर लांब, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला भोक.

"अब्बानं सांगितल्तं, हे मास्तरला द्या," तो म्हणाला. "काय हाय ते सांगितलं न्हाई. हातपंपाचा हाय का?"

मी त्याला बसवून सांगितलं. तो ऐकत होता, पण मध्येच त्याला दुकानातून बोलावणं आलं आणि अर्धं राहिलं. ते इथे सावकाश पुरं करतो आहे.

सत्तरच्या दशकात मी जालन्यातल्या बियाण्याच्या एका खासगी कंपनीत प्लॉट ऑफिसर होतो. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. शेतकऱ्यांच्या रानात कंपनीचं बियाणं तयार व्हायचं, त्या रानाला प्लॉट म्हणायचे, आणि ते नियमाप्रमाणे होतं की नाही हे पाहणं माझं काम. आमच्या बौद्धवाड्यातून कृषी पदवी घेणारा मी पहिला. नोकरीवर जीपमधून जाणाराही पहिलाच. जीप कंपनीची होती आणि ती करीमभाई चालवायचे. मी डाव्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन बसायचो. खड्ड्यांमुळे वाचन फारसं होत नसे. त्या पुस्तकावरून करीमभाईंनी मला साहेब म्हणणं सोडलं आणि मास्तर म्हणायला सुरुवात केली. हे कौतुक आहे की टोमणा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. संकरित कापूस नवा होता. त्याचं बी हातानं तयार करावं लागतं. एका जातीच्या झाडाची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर नखानं काढून टाकायचे आणि खुणेला लाल कागदाचा तुकडा लावायचा. ही मादी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं ताजं फूल आणून तिच्यावर पराग फिरवायचा. हा नर. हे दुपारच्या आत व्हायला हवं. नाही झालं तर ती कळी वाळून गळते. बोंड नाही, बी नाही. हे काम बाया करायच्या आणि फुलोरा टिकेपर्यंत रोज करायच्या.

परतूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून काळ्या रानात बरंच आत एक गाव होतं. तिथल्या गंगाधररावांनी त्या भागातला पहिला कापसाचा प्लॉट घेतला होता. माणूस कष्टाळू, जमीन भारी, विहिरीला पाणी. मी शिफारस केली. पेरणीच्या वेळी मी दुसऱ्या तालुक्यात होतो. गंगाधररावांनी मादी ओळी उंचावरच्या उत्तम रानात लावल्या आणि नर ओळी ओढ्याकाठच्या चिबडात, पाणी धरून राहणाऱ्या जमिनीत. मी विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं.

"नराचं बी कंपनी घेणार न्हाई, बराबर?"

"बरोबर."

"मंग त्याच्याखाली भारी जमीन कशाला अडकवायची? त्याला फुलंच तर द्यायची हैत."

एरवी हा हिशेब त्या माणसाला शोभणारा होता. बैलाला, गड्याला, पिकाला, ज्याच्या त्याच्या उपयोगाप्रमाणे ते जागा द्यायचे. श्रावणात पाऊस लागून राहिला. ओढ्याकाठी पाणी साचलं आणि नर पिवळे पडून मेले. वर मादी ओळी कळ्यांनी भरायला लागल्या होत्या.

बायांची मुकादमीण सुभद्राबाई. तिनं बांधावर उभं राहून खाली पाहिलं आणि म्हणाली, "मालकानं गड्याला चिखलात बसवलं. आता पोरीचं लगीन कोणाशी लावता?"

गंगाधररावांनी हंगामभरासाठी पंधरा-वीस बाया बांधून घेतल्या होत्या. त्या बायांनी दुसरीकडची निंदणी सोडली होती. प्लॉट गेला तर सगळ्यांचाच हंगाम जाणार होता.

वाटूर फाट्याजवळ आमच्याच दुसऱ्या एका प्लॉटवर नर ओळी जास्तीच्या होत्या. तिथली फुलं उजाडताच तोडायची, पाट्यांत ओल्या फडक्याखाली ठेवायची, डांबरी रस्त्यानं जीप पळवायची आणि मग कच्च्या वाटेनं गंगाधररावांच्या रानात ऊन चढायच्या आत पोचायचं. आदल्या संध्याकाळी तोडून पाहिलं होतं. त्या दमट हवेत परागाचा लगदा व्हायचा. बैलगाडी वेळेत पोचत नव्हती आणि सायकलचं चाक चार हातांवर माती धरून बसायचं. जीपच हवी होती, आणि रोज.

आणि जीप रोज रुतत होती.

आमची जीप लष्कराच्या जुन्या गाड्यांतली. पुढच्या चाकांना जोर देणारी यंत्रणा आधीच्या मालकानं काढून टाकली होती, त्यामुळे ती फक्त मागच्या चाकांवर चालायची. मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी. बैलगाडीत अडचण नाही, तिची चाकं आसावर मोकळी फिरतात. मोटारीत चाकांना इंजिनानं फिरवायचं असतं, म्हणून गोळ्यातले दाते जोर दोघांत वाटतात आणि तरी दोघांना वेगवेगळं फिरू देतात. वाटणी सारखी असते, आणि चिखलात तीच नडते. एक चाक घसरलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि जेवढा त्याला लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. घसरणारं चाक गरगर फिरतं, पक्क्या जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ बसून राहतं, आणि जीप तिथेच.

पहिले काही दिवस आम्ही जीप सोडून पाट्या डोक्यावर घेऊन चाललो. पोचेपर्यंत फुलं मान टाकायची. मग टायरला साखळ्या बांधल्या. त्या डांबरीवर सोडाव्या लागत, वाटेवर पुन्हा बांधाव्या लागत, आणि काळी माती त्यांना अशी लिंपून टाकायची की साखळी आणि टायर एकच व्हायचं.

एका दुपारी आम्ही जालन्यात मोंढ्याजवळच्या नामदेव मिस्त्रीकडे गेलो. तो कुणाच्या तरी जीपच्या खाली होता. तिथूनच बोलला.

"लॉक पाहिजे तुम्हाला. दोन्ही चाकं एकमेकाला बांधायची. इलाज तीन हैत. एक आज संध्याकाळी व्हतो. एक पडलाय माझ्याकडं. तिसरा सगळ्यात बराबर, पन त्याला टाइम लागतो."

आज संध्याकाळी होणारा इलाज म्हणजे गोळ्यातले दाते वेल्डिंगनं एकमेकांना डकवून टाकायचे. मग दोन्ही चाकं कायम एकत्र फिरणार, चिखल असो की डांबर. करीमभाईंना हा फार आवडला.

"बस. हेच करा. चिखलात रणगाडा होईल."

"आणि डांबरीवर?" मी विचारलं.

"डांबरीवर काय, मास्तर? डांबरीवर तर गाढवपण पळतं."

पाटाच्या कामावरच्या एका ठेकेदाराची अशी वेल्ड केलेली जीप तिथेच उभी होती. मिस्त्रीनं ती आम्हाला चालवून पाहायला दिली. सरळ रस्त्यावर छान चालली. वळणावर करीमभाईंनी स्टेअरिंग फिरवलं, मागचे टायर किंचाळले आणि गाडीचं तोंड वळायला तयार होईना. आम्ही रस्ता सोडून बाभळीच्या पुढ्यात थांबलो. करीमभाईंनी स्टेअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"घरंदाज गाडी हाय," ते म्हणाले. "नाकासमोर चालते."

वळताना दोन्ही चाकांना एकच अंतर तोडायला लावलं की कुणीतरी घासणार किंवा काहीतरी तुटणार. टायर झिजतात, नाही तर चाकापर्यंत जोर नेणारा एक्सल पिळवटतो. त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या जीपचा एक्सल पेट्रोल पंपावर वळताना तुटला. फक्त रानात चालणाऱ्या गाडीला वेल्डिंग चालेल. आमच्या जीपला रोज कच्च्या वाटेच्या दुप्पट डांबरी होती.

मिस्त्रीकडे पडलेला दुसरा गोळा लष्करी लिलावातला होता. त्यात पोलादी चकत्यांचा थर असतो. एक चाक जास्त पळायला लागलं की चकत्या एकमेकींना धरतात आणि जोर दुसऱ्याकडे वळतो. डांबरीवर तो जाणवतही नाही. रोजच्या गाडीला हा सोयीचा, यात शंका नाही. पण त्याची पकड मर्यादित असते, आणि या गोळ्याच्या चकत्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या मिळत नव्हत्या. त्याला लागणारं तेलही वेगळं, ते मुंबईहून मागवावं लागलं असतं.

तिसरा इलाज ट्रॅक्टरच्या धर्तीचा. गोळ्यात एक सरकता खटका बसवायचा. दांडा ओढला की दोन्ही चाकं बांधली जातात, सोडला की मोकळी. आज कोणी मला विचारलं की रोज वापरायच्या आणि रानातही न्यायच्या गाडीला कोणता लॉक घ्यावा, तर मी हाच सांगेन. जो बंद करता येतो तो. पण तो खटका लेथवर कातून नंतर पोलाद कडक करून घ्यावं लागतं, आणि ते तेव्हा जालन्यात होत नव्हतं. बाहेरगावी पाठवून परत येईपर्यंत फुलोरा संपला असता.

आम्ही काहीच न ठरवता परत आलो. दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा रुतली आणि तिला ओढायला गंगाधररावांचा ट्रॅक्टर आला. तोही एका जागी घसरला. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, वळताना उपयोगी पडावेत म्हणून. चालवणाऱ्या गड्यानं फिरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबला. ते चाक थांबलं, दुसरं चाक हललं आणि ट्रॅक्टर बाहेर आला. जे चाक फुकट फिरतं त्याला अडवलं की त्याला जोर लागतो, आणि जेवढा त्याला लागतो तेवढा दुसऱ्याला मिळतो. त्या गोळ्याचा नियम तोच राहिला होता, फक्त आतापर्यंत नडणारा तो आता कामाला आला होता.

मी मिस्त्रीला हे सांगितलं. तो उठून भंगाराच्या ढिगाकडे गेला.

"जुन्या मोटारीच्या ब्रेकप्लेटी हैत. हँडब्रेकची तार सरळ चाकाला जाते त्याच्यात. दोन चाकांना दोन तारा, दोन दांडे. दांडा अडकवायचा खटका ठेवायचा न्हाई, सोडला की सुटला पाहिजे. दोन दिवस द्या."

करीमभाई खूश नव्हते. "माझ्याकडं दोनच हात हैत. एक स्टेअरिंगला, एक गिअरला. हे दांडे काय दातानं ओढू?"

"माझे हात रिकामेच असतात," मी म्हणालो.

"आन् पुस्तक?"

पुस्तक त्या दिवसापासून सीटखाली गेलं.

दोन सीटच्या मध्ये दोन दांडे उभे राहिले. माझ्या बाजूचा डाव्या चाकाचा, त्यांच्या बाजूचा उजव्या चाकाचा, आणि दोन्ही ओढायचे मी. मोंढ्यामागच्या पडक्या रानात सराव केला. जास्त ओढला की इंजिन बंद पडायचं. कमी ओढला की चाक फिरतच राहायचं. मधली जागा हाताला कळायला काही दिवस गेले. करीमभाई पुढे पाहत, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवत आणि मला हुकूम देत.

"डावा. अजून. अजून, मास्तर, म्हशीची धार न्हाई काढायची. हां. सोडा."

जाताना ओढा उजव्या हाताला असायचा. वाट तिकडे कललेली, त्यामुळे जीपचा भार उजव्या चाकावर यायचा आणि डावं हलकं पडून फिरायचं. म्हणून डावा दांडाच जास्त लागायचा. परतताना ऊन झालेलं असायचं, वाट थोडी सुकलेली, आणि घाई नसायची. डांबरीला लागलं की दोन्ही दांडे सोडून द्यायचे. जीप पुन्हा साधी जीप व्हायची.

आम्ही वेळेवर पोचू लागलो. सुभद्राबाई पाट्या उतरवून घेताना फडकं बाजूला करून फुलं पाहायची आणि बायांना सांगायची, "आले गं जावई." गंगाधररावांकडून चहा यायचा. तो ओट्यावर यायचा, दोन वेगळ्या ठेवलेल्या कपांत, एक करीमभाईंना, एक मला. आम्ही प्यायचो आणि कप विसळून पालथे ठेवायचो. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मग एका सकाळी ओढ्याला पूर आला. वाट पाण्याखाली होती आणि तिथे कोणताच लॉक कामाचा नव्हता. आम्ही पाण्याच्या अलीकडे उभे राहिलो, फुलं उमलली, कोमेजली, आणि आम्ही परत फिरलो. पलीकडे बायांनी आदल्या दिवशी अख्ख्या प्लॉटच्या कळ्या तयार करून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा त्या गळायला लागल्या होत्या. काळ्या मातीवर लाल कागद पडले होते. सुभद्राबाई ते वेचत होती, वाळवून पुन्हा वापरायला.

गंगाधरराव बांधावर होते. "आणखी एक दिवस असा गेला," ते म्हणाले, "तर मी पऱ्हाटी उपटून ज्वारी पेरतो. तुमच्या कंपनीला सांगा."

"आणि बाया?" मी विचारलं.

"बायांचं बायांना दिसतंय."

ते रागानं बोलत नव्हते. ज्वारीची वेळ साधायची तर फार थांबून चालणार नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

दोन-तीन दिवस कोरडे गेले आणि मग पुन्हा जोराचा पाऊस झाला. सकाळी ओढा उतरला होता, पण त्यानं वाटेची उजवी कड खाल्ली होती. एका वळणावर जीप सरकू लागली. उजवं चाक खचलेल्या कडेला, डावं वर, आणि तेच वेड्यासारखं फिरत होतं. जीपचं मागचं अंग थोडं थोडं ओढ्याकडे जात होतं. खाली पाणी गढूळ आणि वेगात होतं.

"उतरा मास्तर," करीमभाई म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी उतरलो तर दांडा कोण ओढणार, हे त्यांनाही माहीत होतं. मी डावा धरला.

"मंग सोडू नका. मी सांगितलं तरी सोडू नका."

मी दोन्ही हातांनी ओढला. डावं चाक अडलं, इंजिनाचा आवाज खाली आला. बंद पडेल असं वाटलं, पण पडलं नाही. उजव्या चाकानं कड चावायला सुरुवात केली. डावं अडवलेलं आणि उजवं ढकलत असलेलं, त्यामुळे जीपचं तोंड हळूहळू डावीकडे, ओढ्यापासून लांब वळायला लागलं. ब्रेकच्या पट्ट्या जळाल्याचा वास आला. डाव्या चाकातून धूर निघाला. करीमभाईंनी कलमा म्हटला, मी दांडा ओढत राहिलो. मग जीप एकदम हलकी झाली आणि वर आली.

पुढे सपाटीवर थांबलो तेव्हा माझी बोटं मुठीवरून सुटत नव्हती. करीमभाईंनी ती एकेक करून सोडवली.

"सोडा म्हटलं होतं मी मधी," ते म्हणाले. "ऐकलं न्हाई तुम्ही."

"तुम्हीच सांगितलं होतं, ऐकू नका म्हणून."

"हां. आज पहिल्यांदा मास्तरनं ऐकलं."

त्यांनी मागे जाऊन फडक्याखालची फुलं पाहिली. शाबूत होती. रानात बाया पोत्याच्या खोळी घेऊन बसल्या होत्या. सुभद्राबाईनं धुराचा वास घेतला आणि विचारलं, "जावई जाळून आणले काय?" मग पाट्या घेतल्या आणि सगळ्या ओळींत शिरल्या. गंगाधरराव बांधावर उभे राहून दुपारपर्यंत पाहत होते. ज्वारीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

डाव्या चाकाच्या पट्ट्या मिस्त्रीनं बदलल्या आणि फुलोरा संपेपर्यंत आम्ही गेलो. प्लॉट पास झाला. बी अपेक्षेपेक्षा कमी आलं, पण शुद्ध निघालं. बायांचा हंगाम पुरा झाला. पुढच्या वर्षी गंगाधररावांनी नर ओळी विहिरीजवळ लावल्या. चहाचे कप तेच राहिले. याचं मला तेव्हा फारसं वाटलं नाही, आता वाटतं. काम आवडत होतं म्हणून मी बरंच काही त्या वेळी बाजूला ठेवलं. करीमभाईंनीही ठेवलं असावं. विचारायचं राहिलं.

काही वर्षांनी कंपनीनं नवी जीप घेतली, चारही चाकांवर चालणारी. जुनी भंगारात काढायचं ठरलं. आदल्या दिवशी करीमभाई पाना घेऊन तिच्यात शिरले आणि दोन्ही दांडे सोडवून आणले.

"हा उजवा तुमचा," ते म्हणाले. "डावा माझा."

"डावा तर मी ओढायचो."

"म्हणूनच."

उजवा दांडा जवळजवळ नव्यासारखा होता, मुठीवर मिस्त्रीच्या कानशीचे ओरखडे दिसत होते. तो मी पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. बायको साफसफाई करताना विचारायची, हा ठेवायचा का. मी ठेव म्हणायचो.

त्यानंतर मी बऱ्याच गाड्यांतून फिरलो, बऱ्याच चालकांबरोबर. चांगली माणसं होती. पावसाळ्यात वाट कलली की माझा उजवा हात सीटशेजारी खाली जायचा आणि तिथे काही नसायचं. सुरुवातीला हसू यायचं. नंतर सवय झाली. करीमभाई निवृत्तीनंतर जालन्यातच मुलाच्या दुकानात बसायचे. ईदला मी जायचो, दिवाळीला ते यायचे. दांड्यांचा विषय निघत नसे.

सलीमनं आणलेला दांडा मी वर्तमानपत्रातून काढला तेव्हा त्याला तेलाचा पातळ हात दिलेला होता. गंज कुठेच नव्हता. इतकी वर्षं ते तेल कोण लावत होतं, हे सलीमला माहीत नव्हतं.

जीप नाही. नामदेव मिस्त्री नाही. गंगाधररावांच्या रानापर्यंत आता डांबरी गेली आहे. दोन्ही दांडे माझ्या कपाटावर आहेत. डाव्याची मूठ गुळगुळीत आहे.